शनिवारी मुक्या होणाऱ्या ठकूमावशी

आमच्या ठकूमावशी शनिवार-रविवार मुक्या असायच्या. शनिवारी सकाळी पाहुण्यांची पहिली गाडी फाटकातून आत शिरली की त्यांची वाचा जायची आणि सोमवारी शेवटची गाडी बाहेर पडली की परत यायची. परत आली की दोन दिवसांचं साठलेलं सगळं त्या माझ्यावर काढायच्या. मी उपाशीपोटी ते ऐकून घ्यायचो, कारण ऐकल्याशिवाय चहा मिळायचा नाही.

लोणावळ्यातून कुरवंड्याकडे जाणाऱ्या रस्त्याला आमचा बंगला आहे. आमचा म्हणजे मालकांचा, आणि मालक पुण्यात. पाच खोल्या, पुढे हिरवळ, मोठी पडवी आणि बाजूला एक हौद, ज्याला जाहिरातीत स्विमिंग पूल म्हणतात. सुट्टीला लोक भाड्याने घेतात. मी तिथला मॅनेजर. मावशी कुरवंड्याच्या. झाडलोट, भांडी, स्वयंपाक, सगळं त्यांच्याकडे. मला त्या ‘म्यानेजर’ म्हणतात, आणि त्या शब्दात आदर किती आणि कीव किती हे मला नऊ वर्षांत कळलेलं नाही.

खरं तर बंगल्याचा फोन घेणं हे माझं काम. पण मला फोनवर बोलता येत नाही. कुणी विचारलं, ‘खोली आहे का?’ तर मी ‘आहे’ म्हणतो. पुढे काय बोलायचं असतं ते मला सुचत नाही. मालक म्हणायचे, तुमचा आवाज ऐकून माणूस बुकिंग करायच्या ऐवजी माफी मागून फोन ठेवतो. असेलही. आमच्या घराण्यात कुणीच गोड बोलत नाही.

एकदा मी गच्चीवर पाण्याची टाकी बघत होतो आणि खाली फोन वाजला. वाजून वाजून दमला. शेवटी मावशींनी उचलला. मी टाकी बघून, खाली येऊन, हातपाय धुऊन बसलो तरी मावशी बोलतच होत्या. फोन ठेवल्यावर मी विचारलं, “कोण होतं?”

“ठान्याची हाय एक बाई. पोरीचं ठरल्यालं लगीन मोडलंय. दोगी मायलेकी रडून रडून बेजार झाल्यात. म्या सांगितलं, पोरीला घिऊन या हितं. वारं लय हाय, डोस्कं हलकं व्हतं. शनवारी येत्यात समदी.”

“किती माणसं?”

“त्ये न्हाई विचारलं.”

“कुठली खोली पाहिजे?”

“म्यानेजर, पोरीचं लगीन मोडलंय. खोलीचं काय घिऊन बसलाय?”

त्या शनिवारी अकरा माणसं आली आणि पुढच्या महिन्यात त्यांचे व्याही येऊन गेले. म्हणजे नवीन व्याही. मी मुकाट्याने फोन मावशींच्या हवाली केला.

मावशींची फोन घेण्याची पद्धत होती. वाजला की आधी हात पदराला पुसायचे. मग पदर डोक्यावरून घ्यायचा, नीट, कानामागे खोचून, जणू समोर कुणी वडीलधारं बसलंय. मग मागच्या दाराच्या पायरीवर बसायचं आणि मगच बटण दाबायचं. तोवर पलीकडचा माणूस दोनदा वैतागून तिसऱ्यांदा लावत असायचा. पण मावशींचा पहिला शब्द कानावर पडला की वैताग जायचा, कारण तो पहिला शब्द ‘जेवलात का?’ हा असायचा. सकाळी आठला फोन आला तरी ‘जेवलात का?’ आणि दुपारी चारला आला तरी तेच. हिंदी बोलणाऱ्यांसाठी वेगळी सोय होती. “खाना खाया का? आव, आव, कवा बी आव. पन स्वेटर लेके आव. हितं लय थंडी रहती है, पोरांको सर्दी हुता है.” मी एकदा म्हटलं, मावशी, थंडीचं कशाला सांगता, माणूस यायचा नाही. त्यावर त्या म्हणाल्या, “आलं आनि आजारी पडलं, तर?”

माणूस न बघता त्यांना नुसत्या आवाजावरून सगळं कळायचं. उपाशी माणूस वाक्य अर्धं टाकतो. बायकोशी भांडून फोन केलेला माणूस फार गोड बोलतो. ज्याला यायचंच नाही तो सगळ्या चौकशा करतो आणि ज्याला नक्की यायचंय तो एवढंच विचारतो, तिथून डोंगर दिसतो का. हे सगळं त्यांनी मला समजावून दिलं होतं. एकदा बोरिवलीच्या एका गृहस्थाने दोघांसाठी खोली मागितली. इतकं लाघवी बोलणं मी आयुष्यात ऐकलं नव्हतं. मावशींनी त्याला शांतपणे विचारलं, “बाईंना इचारलंय का?” त्याने फोन ठेवला. दोन तासांनी त्याच्या बायकोचा फोन आला, आणि मग दोन दिवसांनी दोघांचा मिळून आला.

मावशींना लिहिता येत नाही, त्यामुळे नोंदवहीत नावं त्या सांगतील तशी मी लिहायचो. मालक एकदा अचानक आले आणि वही उघडून बसले. “हे काय आहे?” त्यांनी विचारलं. “‘सुरतेचा खोकला, दोन खोल्या.’ ‘वाशीची घाई, एक खोली.’ ‘बोरिवलीचं भांडण, मिटलं, पोहोचतील दुपारपर्यंत.’” मी खाली मान घालून उभा राहिलो. मालकांनी वही मिटली आणि म्हणाले, “बंगला भरलेला असतो ना? मग असू द्या.”

आता इतकं बोलणारी बाई शनिवारी मुकी का व्हायची?

याला कारण एक बाई. नाव सांगत नाही, मुंबईकडच्या होत्या. त्यांची आई दवाखान्यात होती तेव्हा बंगल्याचं आधी केलेलं बुकिंग रद्द करायला त्यांनी फोन केला, आणि मावशींनी विचारलं, जेवलात का. त्या रडायलाच लागल्या. मग महिनाभर रोज फोन. आईने आज काय खाल्लं, भाऊ कसा फिरकत नाही, नवरा कसा तोंड फिरवून झोपतो, सगळं. आई बरी झाली. मावशींनी कार्ल्याच्या एकवीरा आईला नारळ वाहिला, स्वतः पायऱ्या चढून. आणि एका शनिवारी त्या बाई आल्या.

मावशी फाटकापर्यंत धावत गेल्या. हातात पाण्याचा तांब्या होता, नवं लुगडं नेसल्या होत्या. बाईंनी गाडीतून उतरून बॅग त्यांच्या हातात दिली आणि म्हणाल्या, “ही वर नेऊन ठेव. आणि मॅडम कुठे आहेत? फोनवर बोलतात त्या?”

“मीच की वो,” मावशी म्हणाल्या. “मीच बोलते.”

बाईंनी त्यांना खालपासून वरपर्यंत बघितलं. मग माझ्याकडे वळून इंग्रजीत काहीतरी म्हणाल्या आणि मग मराठीत म्हणाल्या, “म्हणजे मी घरचं सगळं हिला सांगत होते?”

बस, एवढंच. दोन दिवस राहिल्या, चांगल्या वागल्या, जाताना जेवणाचं कौतुकही केलं. पुन्हा फोन मात्र आला नाही. मावशी रोज दुपारी पायरीवर बसायच्या आणि मला सांगायच्या की आईचं दुखणं उलटलं असेल, म्हणून वेळ मिळत नसेल. आठ दिवसांनी ते सांगणंही बंद झालं.

त्याच्या पुढच्या शनिवारी एका पाहुण्याने त्यांना विचारलं, “गरम पाणी कुठे येतं?” तर मावशींनी नुसतं बोट दाखवलं. दुसऱ्याने चहा मागितला तर मान हलवली. मला वाटलं घसा बसला. मी हळद-दूध करून नेलं. त्या स्वयंपाकघराचं दार लोटून हळूच म्हणाल्या, “म्यानेजर, घशाला काय बी झाल्यालं न्हाई. आजपास्नं पाव्हन्यांम्होरं म्या मुकी. कुनी मॅडम कुटं म्हनलं, तर गावाला गेल्या म्हनायचं.”

“किती दिवस?”

“त्यांना आवाज पायजे ना? मंग आवाज हाय. मला बघून काय करायचंय त्यांना?”

मी समजवायला गेलो. त्यांनी माझंच हळद-दूध माझ्या हातात दिलं.

झालं, मी त्या नाटकात ओढला गेलो. ‘मॅडम’ कायम गावाला. कुणी विचारलं कुठल्या गावाला, तर मी म्हणायचो सुदुंबऱ्याला, कारण त्या वेळी तेवढंच सुचलं. एका भल्या कुटुंबाने मॅडमसाठी आणलेला खाऊ सुदुंबऱ्याला जाऊन पोचवायची तयारी दाखवली, तेव्हा मी त्यांना चुकीचा रस्ता सांगितला. देव मला क्षमा करो. तो खाऊ शेवटी त्यांनी माझ्याकडे ठेवला आणि मावशींनी सोमवारी खाल्ला. वर म्हणाल्या, बाईचा आवाज बारीक हाय पन हात सढळ हाय.

मुकेपणाचेही प्रकार झाले. एक डॉक्टर पाहुणे होते, त्यांनी मावशींना खुर्चीजवळ उभं करून आ करायला लावलं, टॉर्च मारला आणि मला बाजूला घेऊन सांगितलं की हिच्या घशात काहीही दोष नाही, हिने कसला तरी धसका घेतलाय. मी म्हटलं, डॉक्टर, तुम्ही हुशार आहात. दुसऱ्या एका घरच्या आजींनी मावशींना दोन दिवस खाणाखुणांची भाषा शिकवली. ती खरी भाषा होती की आजींनी तिथेच तयार केली होती ते कळायला मार्ग नाही, पण मावशी ती अजून माझ्यावर वापरतात. त्यात ‘मीठ आणा’ आणि ‘तुमची अक्कल कुटं गेली’ यांची खूण जवळजवळ सारखी आहे.

सगळ्यात कठीण प्रसंग माकडाने आणला. पडवीत एक कुटुंब चहा घेत बसलं होतं आणि माकडाने आजोबांचा चष्मा उचलला. मावशी पायरीवर भांडी घासत होत्या. त्यांना राहवलं नाही. त्यांनी त्या माकडाला, त्याच्या आईबापाला आणि त्याच्या पुढच्या सात पिढ्यांना असं काही सुनावलं, की माकडाने चष्मा जागच्या जागी ठेवला. आजोबांनी हात जोडले. सुनेने डोळे पुसले. त्यांना वाटलं, आपल्या डोळ्यांदेखत मुकीला वाचा फुटली. मी धावत जाऊन सांगितलं की हिला माकड बघितलं की तेवढ्यापुरती येते आणि मग जाते. मावशींनी लगेच तोंड मिटून मान हलवली. ते लोक अजून दर वर्षी येतात. आजोबा येताना माकडासाठी केळी आणतात.

गंमत गंमत म्हणून मी हे सांगतोय, पण मला त्याचा राग यायचा. मावशींचा नव्हे, त्या मुंबईच्या बाईंचा. आठवडाभर आमची ही बाई पन्नास घरांची सुखदुःखं सांभाळायची, आणि तीच माणसं दारात आली की हिने फडकं घेऊन खाली मान घालायची. मी बोललो तर म्हणायच्या, “घरी तरी माज्याशी कोन बोलतं? पोरगं कंपनीतनं येतं, जेवतं, मोबाईल बघतं. सून बी तशीच. वाईट न्हाईत वो. पन मी घरात असले काय आनि नसले काय. हितं फोन वाजला की कुनाला तरी मी पायजे असते. त्ये घालवायचं व्हय?”



आणि मग आल्या सुलभाताई. म्हणजे त्यांचा आवाज आला. नाशिकच्या, शाळेतून निवृत्त झालेल्या बाई. आवाज बारीक पण स्वच्छ, प्रत्येक शब्द वेगळा. निवृत्त शिक्षकांची सहल आणायची म्हणून त्यांनी फोन केला, सहल रद्द झाली हे सांगायला दुसरा केला, आणि तिसरा का केला ते त्यांनाही सांगता आलं नसतं. पुढे दोन वर्षं, शनिवार-रविवार सोडून, रोज दुपारी तीनला त्यांचा फोन. भांडी आटोपून मावशी त्याआधीच पायरीवर हजर. जेवलात का, हे विचारणाऱ्या एकट्या मावशीच नव्हत्या, आता पलीकडूनही तोच प्रश्न यायचा, आणि तो कुणी आधी विचारला यावर दोघींचं भांडण व्हायचं.

मावशींना ‘ठकूताई’ म्हणणारं जगात तेवढं एकच माणूस. नाव विचारणारंही तेवढं एकच.

सुलभाताईंच्या घरचं मलाही पाठ झालं होतं. मुलगा, सून, मुलगी, जावई, तीन नातवंडं. घर कसं गोकुळ. आज नातीचा नाच, उद्या जावयाचा वाढदिवस. मोठ्या नातवाला गाजर चालत नाही. ताईंचा डावा गुडघा शस्त्रक्रिया केलेला, चहा बिनसाखरेचा आणि आलं घालून, कवळी असल्यामुळे शेंगदाणा वर्ज्य. मावशी मला म्हणायच्या, “बाई नशीबवान हाय. आटजनांचं घर. बोलाय मानूस कमी न्हाई, तरी बी मला फोन करती.” हे सांगताना त्यांचा चेहरा बघण्यासारखा व्हायचा.

एका मंगळवारी मावशी फोनवरून उठल्या त्या पांढऱ्याफटक होऊन. “शनवारी येत्यात,” त्या म्हणाल्या. “समद्यांना घिऊन. आटजन. मला भेटाया.”

“अरे वा,” मी म्हटलं.

“म्यानेजर, मला सुदुंबऱ्याला धाडा.”

“मावशी, ही बाई तसली नाही.”

“ती तरी कुटं तसली व्हती? महिनाभर माज्याजवळ रडली ती. ही गेली तर माजं तीन वाजता काय ऱ्हाईल?”

मी तीन दिवस त्यांच्या मागे लागलो. गावाला मात्र त्या गेल्या नाहीत, कारण ताईंना एकदा डोळे भरून बघायचं होतं. शेवटी ठरलं तेच. मॅडम गावाला, आणि मावशी मुक्या.

शनिवारी त्यांनी पहाटेपासून आठ माणसांचा स्वयंपाक मांडला. इंद्रायणीचा भात, भरली वांगी, मटकीची उसळ, भाकरी, गव्हाची खीर. कोशिंबीर काकडीची, गाजर घरातसुद्धा आणलं नाही. मोठ्या टेबलावर आठ ताटं पुसून ठेवली. लहानग्यांसाठी तीन वाट्या वेगळ्या.

अकरा वाजता गाडी आली. भाड्याची. त्यातून एक ठेंगणीशी बाई उतरली, हातात काठी आणि एक छोटी बॅग. गाडी रिकामी झाली.

“बाकीचे मागच्या गाडीत आहेत,” त्या मला म्हणाल्या. “चाकणला अडकलेत. आणि ठकूताई कुठे आहेत?”

“गावाला,” मी म्हटलं. “अचानक जावं लागलं.”

त्यांचा चेहरा इतका उतरला की मला माझीच लाज वाटली. मावशी माझ्या मागेच उभ्या होत्या. त्यांनी पुढे होऊन बॅग घेतली, खाली मान घालून.

आणि मग मावशींनी सगळं बिघडवलं. तोंडातून अक्षर काढलं नाही, पण ताई पडवीतल्या आरामखुर्चीत टेकल्या न टेकल्या तोच मावशींनी उशी आणून त्यांच्या डाव्या गुडघ्याखाली सरकवली. पाठोपाठ चहा, बिनसाखरेचा, आलं घातलेला. पाठोपाठ पोहे, आणि पोह्यांत औषधालाही शेंगदाणा नाही. मी दारातून डोळे वटारले. मावशींना आपण काय केलं ते तेव्हा समजलं आणि त्या आत पळाल्या. ताईंनी उशीकडे बघितलं, चहाचा घोट घेतला, पोहे चमच्याने जरा वरखाली केले. मग म्हणाल्या, “छान झालेत हो.” बाकी काही नाही.

एक वाजला. मी विचारलं, “आले का जवळ?” त्या म्हणाल्या, चाकणलाच आहेत. चाकणला माणूस अडकतो, त्यात नवल नाही, मी स्वतः तिथे अर्धी जवानी काढली आहे. दोन वाजले. अजून चाकणच. मी म्हटलं तुम्ही तरी जेवून घ्या. नको, सगळे मिळूनच जेवू. अडीच वाजता त्यांनी फोन कानाला लावला आणि फाटकाकडे बघत मोठ्याने बोलू लागल्या. “हो, हो. सावकाश या. मुलांना भूक लागली असेल, बिस्किटं द्या. नाही, घाई नाही. हो, इथे छान आहे. हो, हो, डोंगर दिसतो.”

मी स्वयंपाकघरात गेलो. मावशी ओट्याला टेकून कान देऊन ऐकत होत्या.

“म्यानेजर,” त्या कुजबुजल्या, “पलीकडं कोन न्हाई.”

“म्हणजे?”

“समोरचं बोलाया लागलं की मानूस मधी थांबतं. दम खातं, ऐकतं. दोन वर्सं ऐकतीया मी त्यांना, दर दोन शब्दाला थांबत्यात त्या. आज थांबतच न्हाईत.” त्यांनी ओठ दाबून धरले. “कोन येत न्हाई वो. कोनच येनार न्हाई.”

बाहेर ताई अजून बोलत होत्या. जावयाला गाडी जपून चालवायला सांगत होत्या. मावशींनी टेबलावरच्या आठ ताटांकडे बघितलं. तिथे मी त्यांना पहिल्यांदाच रडताना बघितलं. नऊ वर्षांत इतक्या लोकांसाठी गहिवरल्या होत्या, पण डोळ्यांत पाणी कधी आलं नव्हतं.

“ताईंना आता कसं गप करायचं?” मी विचारलं. “किती वेळ असं बोलत बसणार?”

मावशींनी हात पदराला पुसले. मला वाटलं, ताट वाढून नेतील, खूण करतील. त्या सरळ पडवीत गेल्या, आरामखुर्चीसमोर उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, “ताई, ठेवा त्यो फोन. चाकनला कोन अडकल्यालं न्हाई. उटा, जेवून घ्या. भात गार झाला.”

ताईंचा हात कानाशीच राहिला. मावशींचं नाक लाल झालं होतं, अंगावर सकाळपासूनचं लुगडं, पदराला हळद, कमरेला फडकं खोचलेलं. आता काय बघायचं ते बघा, अशा त्या उभ्या होत्या.

“मला वाटलं तुम्ही बोलणारच नाही, ठकूताई,” सुलभाताई म्हणाल्या.

“वळीखलं?”

“उशी ठेवलीत तेव्हाच. कुठल्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं ते मी मॅनेजरना कुठे सांगितलं होतं?”

“मंग बोलला का न्हाई?”

“म्हटलं, तुम्हाला समोर यायचं नसेल. मी फोनवर बरी वाटत असेन आणि प्रत्यक्षात बघून तुमची निराशा झाली असेल.”

मावशींनी कपाळावर हात मारला. मग त्या खाली फरशीवर बसल्या, ताईंच्या पायाशी, आणि म्हणाल्या, “मी फडकं मारते हितं. मॅडम बिडम काय न्हाई. त्ये तुमाला सांगाया पायजे व्हतं.”

“आणि मी एकटी राहते,” ताई म्हणाल्या. हे त्यांनी वर्गात सांगावं तसं नीट, सरळ सांगितलं. “मुलगा, मुलगी, नातवंडं सगळी खरी आहेत. तिकडे परदेशात. रविवारी फोन येतो, पाच मिनिटं. बाकीचं मी तुम्हाला सांगताना रचत गेले. तुम्ही इतक्या आवडीने ऐकायचात. बुकिंग आठ जणांचं केलं तेव्हा वाटलं होतं, मुलाला सांगू, येईल. तो म्हणाला, पुढच्या वर्षी. मग तुम्हाला काय तोंडाने सांगणार?”

मी तिथून निघून जायला हवं होतं, पण गेलो नाही.

“मोठ्याला गाजर चालत न्हाई, त्ये तरी खरं का?” मावशींनी विचारलं.

“ते खरं आहे.”

“मंग बास. उटा आता.”

जेवायला बसताना एक अडचण आली. मावशींनी आपलं ताट नेहमीप्रमाणे स्वयंपाकघरात जमिनीवर घेतलं. ताई काठी टेकत त्यांच्या मागोमाग आत गेल्या आणि मीही तिथेच बसणार म्हणून हटून बसल्या. पण त्या गुडघ्याला जमिनीवर बसणं शक्य नव्हतं. दोनदा प्रयत्न केला, तिसऱ्यांदा मी धरलं म्हणून पडल्या नाहीत. मावशी रागावल्या. ताईही रागावल्या. “तुम्ही खाली बसणार असाल तर मी उभ्याने जेवेन,” ताई म्हणाल्या, आणि त्या आवाजापुढे नाशिकच्या शाळेतल्या पोरांचं इतकी वर्षं काही चाललं नसेल, तर मावशींचं काय चालणार?

मावशी टेबलापाशी आल्या. खुर्ची हाताने चाचपली. तिच्यावर काही सांडलेलं नाही ना ते बघितलं, पदराने ती पुसली, आणि मग नुसतं कडेला टेकून, कुणी उठवलं तर लगेच उठता येईल अशा बेताने, त्या तिच्यावर बसल्या. त्या बंगल्यात खुर्चीवर बसलेल्या मी त्यांना त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं.

खुर्ची डुगडुगली.

“म्यानेजर,” त्या एकदम नेहमीच्या आवाजात म्हणाल्या, “ही खुर्ची हालतीया. येवडी वर्सं रोज पुसतीया मी, तुमी कदी सांगितलं न्हाई.”

“मला तरी कुठे माहीत,” मी म्हटलं. मी कागदाची घडी करून आणली आणि वाकून खुर्चीच्या पायाखाली सरकवली. डोकं वर काढलं तोवर दोघींचं सुरू झालं होतं. खिरीत वेलची जास्त झाली की कमी, यावर वाद होता, आणि आपण फोनवर नाही हे दोघींच्याही ध्यानात नसावं, कारण दोघी तेवढ्याच मोठ्याने बोलत होत्या. मावशी आता पाठ टेकून बसल्या होत्या.

मी भाकरीचं टोपलं ठेवून मागे वळलो.

“कुटं चाललात?” मावशींनी तिसरं ताट माझ्याकडे सरकवलं. “बसा की. आटजनांचं केलंय, आनि आपुन तिगंच.”

मी बसलो, आणि ताईंनी मला विचारलं, जेवलात का.